घरट्यांच्या कपाटाचं माप

३ फेब्रुवारी

धाकटे,

आधी दूध तापवलं होतं. मग भांडी घासली, ओटा पुसला, उशांचे अभ्रे भिजत टाकले आणि बंब पेटवायला घेतला. ढलप्या संपल्या होत्या म्हणून कामाच्या खोलीत गेले. दाराशी तुझ्या दादाने सुतळीने बांधून ठेवलेली लाकडाच्या तुकड्यांची मोळी होती, ती उचलून आणली आणि एकेक तुकडा बंबात घातला. पाणी छान तापलं. त्याला जाऊन तेव्हा तीन आठवडे झाले होते. त्या दिवशी एक काम तरी न रडता पार पडलं, म्हणून मला बरंसुद्धा वाटलं.

ती सकाळ मी हल्ली रोज उगाळते. कारण त्या मोळीत त्याची मापकाठी होती की नव्हती, ते काही केल्या आठवत नाही.

कशावरून निघालं ते सांगते. गेल्या रविवारी एक उंच, वाळका माणूस दाराशी आला. तीस वर्षं विजेच्या खांबांवर चढलेला वायरमन. निवृत्त झाल्यावर त्याने घरट्यांचं संग्रहालय काढलंय. हसू नकोस, मीही आधी हसले. खांबावरची घरटी काढून टाकणं हे त्याचं कामच होतं, नाहीतर तारा एकमेकींना चिकटतात. तो काढायचा, पण टाकायचा नाही. पिल्लं उडेपर्यंत थांबायचा, साहेबाच्या शिव्या खायचा आणि रिकामं घरटं पिशवीत घालून घरी न्यायचा. त्याची बायको म्हणायची म्हणे, "लोकांचे नवरे पिशवीतून भाजी आणतात."

त्या घरट्यांसाठी तुझ्या दादाने दोन मोठी काचेची कपाटं केली होती. सांगाडे उभे आहेत, काचा बसल्यात, फळ्या मात्र भिंतीला टेकून पडल्यात. त्या कुठल्या उंचीवर बसवायच्या ते फक्त त्याला ठाऊक. वायरमन म्हणाला, "वहिनी, घरट्याचं फार अवघड असतं. चार बोटं वर गेलं तर नुसतं बूड दिसतं. चार बोटं खाली आलं तर केराची टोपली वाटते. दादा म्हणाले होते, घरी जाऊन माप आणतो. ते गेले आणि..." मी चहा टाकला.

एक एप्रिलला संग्रहालयाला पैसे देणाऱ्या समितीची माणसं खोली बघायला येणार आहेत. तोवर ती तयार नसेल तर दादाची कपाटं बाहेर काढून लोखंडी मांडण्या बसवणार. वायरमनच्या तोंडचं पाणी पळालंय, आणि माझ्याही.

तुला माहीतच आहे, त्याने जन्मात टेप वापरला नाही. "आकडा विसरतो, रेघ विसरत नाही," म्हणायचा. सगळी मापं त्या एका काठीवर पेन्सिलीने. कागदावर काही नाही. सगळं घर उलथंपालथं केलं, काठी सापडत नाही.

तेव्हा ठरवलंय. अशी कपाटं त्याने आणखी तीन संग्रहालयांसाठी केली होती. एकही मी पाहिलेलं नाही. मला ने म्हटलं की म्हणायचा, "काय बघायचंय? तेच लाकूड, तीच काच." आता जाऊन मोजून येते. तो गेल्यावर तू दहा दिवस इथं होतीस म्हणून विचारते, काठी कुठे पाहिली होतीस का?

तुझी वहिनी


१० फेब्रुवारी

वहिनी,

फोनवर तू "जेवलीस का" आणि "झोपलीस का" ह्याच्या पलीकडे जात नाहीस, आणि कागद मिळाला की बघ कशी वाहतेस.

काठीचं मला काय विचारतेस? मी त्या दहा दिवसांत सुतारकामाला आले होते का? जळली असेल तर जळली. लाकूडच ते. त्यावर झुरत बसू नकोस.

पण जा. नक्की जा. चार महिने तू वाचनालय आणि दूधवाला सोडून कुणाचं तोंड पाहिलेलं नाहीस. माझे गुडघे आणि माझी सुट्टी दोन्ही संपलेत, नाहीतर मीही आले असते. एकच अट. मला कपाटांचं वर्णन नको. लाकडाबद्दल ऐकत मी लहानाची मोठी झाले. कपाटांच्या आत काय आहे ते लिही. माझ्या वॉर्डात अंथरुणाला खिळलेल्या बाया आहेत, त्यांना वाचून दाखवीन. त्या माझ्या तोंडून औषधांची नावं ऐकून विटल्यात.

तुझी धाकटी


२१ फेब्रुवारी

धाकटे,

रागावलीस ते कळलं. रागवायलाच हवं. तुझ्या भावाची एक वस्तू धड सांभाळता आली नाही मला. आता तो विषय तुझ्याकडे काढणार नाही.

परवा घंटांचं संग्रहालय पाहून आले. बंद पडलेल्या शाळेच्या दोन वर्गांत आहे आणि त्याच शाळेचा शिपाई ते चालवतो. शाळा बंद झाली तेव्हा बाकं, फळे, खुर्च्या सगळं कुणी ना कुणी नेलं, घंटा तेवढी कुणी घेतली नाही. तिला एकटं वाटू नये म्हणून त्याने दुसरी आणली, आणि मग माणूस थांबलाच नाही. सायकलच्या घंटा, शेळ्यांच्या गळ्यातल्या, दुकानाच्या गल्ल्यावरच्या, एका बुडालेल्या होडीवरची. एक इवलीशी पितळी घंटा आहे, ती एका आजारी म्हाताऱ्याच्या उशाशी असायची. तो गेल्यावर सुनेने स्वतः आणून दिली. शिपाई म्हणाला, "अजूनही मी ती वाजवली आणि त्या सूनबाई रस्त्यावरून जात असल्या, तर 'आले, आले' म्हणतात."

दर शनिवारी तो प्रत्येक घंटा एकदा वाजवतो. म्हणतो, न वाजवलेली घंटा मुकी होते. मी त्याला पाठ करून उभं केलं आणि मला वाटेल ती वाजवत गेले. तो न बघता सांगत गेला, ही अमक्या गल्लीतली, ही तमक्या गवळ्याची. बावीस बरोबर आल्या आणि तेविसावी चुकली. बिचारा मग चहा पितानासुद्धा ती पुन्हा पुन्हा वाजवून बघत होता. मी निघताना म्हणाला, "बाई, ती थंडीमुळे वेगळी वाजली हं." ह्या माणसाला कुणी शिकवलं नाही, कुणी सांगितलं नाही, आणि चारशे आवाज डोक्यात घेऊन बसलाय. मी पुस्तकांतून मोठमोठ्या विद्वानांबद्दल वाचलंय. त्यांच्या पंगतीत ह्याला बसवायला माझी काही हरकत नाही.

तू नको म्हणालीस तरी कपाटांवर दोन ओळी लिहिणारच. कोपऱ्यात बोट फिरवलं, एक खिळा लागला नाही. मला सगळ्या घंटा अगदी डोळ्यांसमोर दिसत होत्या. एक लांबलचक बाई आली होती, तिला मात्र दर कपाटापुढे कमरेत वाकावं लागत होतं. मी शिपायाला म्हटलं, "फळ्या जरा खाली नाहीत का?" तो म्हणाला, "मीही दादांना तेच म्हणालो. तर म्हणाले, राहू द्या, वाकलं की माणूस नीट बघतं."

मधल्या फळीपर्यंत सुतळी धरली आणि गाठ मारली. टेप नेला असता तर तो मला हसला असता.

तुझी वहिनी


२ मार्च

वहिनी,

मी रागावलेली नाही. आणि तू काठी जाळलेली नाहीस. कशावरून विचारू नकोस. नाही म्हणजे नाही.

घंटांचं पत्र दोनदा वाचून झालं. आता वॉर्डातल्या सगळ्या बायांना उशाशी घंटा हवी आहे. तुझ्यापायी माझी पळापळ वाढणार. पुढचं लवकर लिही.

तुझी धाकटी


१५ मार्च

धाकटे,

तुझं मन मोठं आहे, म्हणून मला दोष देत नाहीस. असू दे.

दोन्ही संग्रहालयं पाहून झाली. पहिलं तराजूंचं. एका म्हातारीच्या घराण्याचं धान्याचं दुकान होतं, त्याच जागेत आहे. तुझ्या दादाचं हे सगळ्यात जुनं काम, तीस वर्षांपूर्वीचं. ओंडके तोलायचा काटा आहे, तो छताला टांगलाय. पत्रं तोलायचा आहे, तो माझ्या तळहातावर मावेल. तान्ही बाळं तोलायचा आहे, पाळण्यासारखा. त्यात तोललेली बाळं आता दाढीमिशांची होऊन येतात आणि म्हातारी त्यांना सगळ्यांदेखत सांगते, "तू एवढासा होतास, आणि तरी तुझा आवाज त्या टोकाला ऐकू यायचा."

पण मला सगळ्यात आवडला तो काचेतला एक छोटा काटा. एका पारड्यात पीस, दुसऱ्यात गव्हाचे काही दाणे, आणि काटा सरळ. कपाटाची काच सरकवायच्या आधी म्हातारी सगळ्यांना श्वास धरायला लावते, नाहीतर पारडं हलतं. आम्ही सात अनोळखी माणसं, एक शाळेतली पोरगीसुद्धा, श्वास धरून उभी. कुणी कुणाकडे बघेना. मग म्हातारीनेच हसून श्वास सोडला आणि पीस डुलायला लागलं. धाकटे, तो गेल्यापासून इतकी शांत मी कधीच नव्हते.

दुसरं बटणांचं, एका शिंप्याच्या दुकानाच्या वरच्या खोलीत. त्याला सतरा वर्षं झाली. नवरा-बायको दोघं मिळून चालवतात. शिंपी बटणं जमवतो, बायको खाली चिठ्ठ्या लिहिते, आणि खरी मजा चिठ्ठ्यांत आहे. "बस पकडताना तुटलं. बस चुकलीच." "नवरा-बायकोच्या भांडणात तुटलं. समेट झाला, बटण मात्र दोघांनाही नको होतं." एका मोठ्या काळ्या बटणाखाली नुसतं लिहिलंय, "आईच्या कोटाचं." मी तिथं बराच वेळ उभी होते. शिंपीण मागून येऊन म्हणाली, "सगळेच इथं थांबतात. कोणाच्या आईचं, ते कुणी विचारत नाही."

आता रडगाणं. तराजूंच्या कपाटापुढे मला टाचा उंच कराव्या लागल्या. बटणांपुढे हनुवटी जराशी वर. सुतळीवरच्या तीन गाठी एकमेकींशी जुळत नाहीत. तराजूंची गाठ सगळ्यात वर, बटणांची तिच्याखाली बोटभर, घंटांची आणखी दोन बोटं खाली. त्याचं काम कधी केसभर इकडचं तिकडे झालं नाही, मग हे काय? शिंप्याला विचारलं, तर तो म्हणाला, "आमचंही अडलंच होतं. दादा म्हणाले, घरी जाऊन माप आणतो. दोन दिवसांनी काठी घेऊन आले आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या फळ्या बसवून गेले."

ह्यातली कुठली गाठ मी वायरमनला देऊ? काठी असती तर निदान ती दिली असती. पंधरा दिवस उरलेत. मी हरले गं.

तुझी वहिनी


२२ मार्च

वहिनी,

आधी बस, मग पुढचं वाच.

काठी माझ्याकडे आहे.

निघायच्या दिवशी मी कामाच्या खोलीत गेले होते. ती दाराच्या मागे टेकून ठेवलेली होती. हातात घेतली, तर दादा जिथं धरायचा तिथं लाकूड गुळगुळीत झालेलं. तुझ्याकडे मागितली असती तर तू दिली असतीस, पण तुला रडू फुटलं असतं, म्हणून न मागता घेतली. छत्रीला बांधून आणली. चोरलीच म्हण ना. तू विचारलंस तेव्हा लाजेने उलट तुझ्यावरच खेकसले, आणि तू लिहितेस, "रागावलीस ते कळलं." तरी सांगायचा धीर झाला नाही. माझी चिमूटभर लाज राखायला मी तुला दीड महिना त्या बंबापुढे बसवून ठेवलं. मला काय बोलायचं ते बोल.

तुझं काल आलेलं पत्र वाचलं आणि काठी उजेडात नेली. इथं खोलीत मी तिचा पडद्याचा दांडा केला होता. एका बाजूला शंभरेक रेघा आहेत, सगळ्यांवर काट मारलेली. काम झालं की तो काट मारायचा. दुसऱ्या बाजूला, पार वर, फक्त तीन रेघा. त्यांच्यावर काट नाही. मुलांची उंची भिंतीवर मांडतात ना, तशा. फक्त उलट्या. वरची पुसट झालेली, मधली तिच्याखाली बोटभर, खालची आणखी दोन बोटं खाली आणि सगळ्यात ठळक.

वहिनी, मी रोज माणसांना भिंतीशी उभं करून मोजते. पन्नाशी ओलांडली की बाया हळूहळू खाली येतात, बोटाबोटाने. कुणालाही ते सांगितलेलं आवडत नाही, म्हणून मी नुसतं लिहून ठेवते. काठी जमिनीवर उभी केली आणि तिच्याशी उभी राहिले. खालची रेघ माझ्या हनुवटीला लागली. मला निरोप द्यायला तू बसपाशी आलीस, तेव्हा तुझे डोळे बरोबर तिथंच होते.

दादाने तुझ्याच डोळ्यांवरून माप घेतलं होतं, तिन्ही वेळा नव्याने. तुला कळू दिलं नाही एवढंच.

चौथी रेघ नाही. भिंग लावून शोधली. काठी लगेच पाठवू का?

तुझी धाकटी


९ एप्रिल

चोरटे,

काठी ठेव. पडदा काढू नकोस. मी जाळली नाही, एवढंच मला हवं होतं. ते वाचून मी उठले आणि बंबाला घासूनपुसून लख्ख केलं, बिचाऱ्यावर उगाच आळ घेतला होता. तुला काय बोलू? लहान असताना माझ्या बांगड्या घेऊन पळायचीस, तेव्हाही तू स्वतःच येऊन सांगायचीस, आणि तेव्हाही उशीरच करायचीस.

तुझं पत्र वाचल्यावर एकेक आठवत गेलं. तो मला कामाच्या खोलीच्या दाराशी उभं करायचा. "समोर बघ. हलू नकोस." मला वाटायचं, चौकट कलली आहे का ते बघतोय. मग म्हणायचा, "झालं, जा." तीस वर्षांत तीनदा. तेवढं कोण लक्षात ठेवतं?

आणि चौथी रेघ का नाही, तेही मला माहीत आहे. सप्टेंबरात त्याने हाक मारली होती. माझ्या हातात पुस्तक होतं आणि शेवटची दहा पानं उरली होती. मी बसल्या जागेवरून म्हटलं, "आता नाही हं उठत मी." तो म्हणाला, "वाच, वाच. घाई नाही." तुला ठाऊक आहे, त्याच्या काचा ज्या वर्तमानपत्रांत गुंडाळून यायच्या, त्यांवर मी अक्षरं गिरवली. तेव्हापासून माझं वाचन मोडायचं म्हणजे त्याला पाप वाटायचं. त्याने पुन्हा हाक मारली नाही. मीही काय काम होतं ते विचारलं नाही.

पत्र सत्तावीसला आलं. त्यानंतर तीन दिवस मी घरातच होते. माप काय ते कळलं होतं, मुदत जवळ आली होती, आणि तरी पाय निघेना. तुला खरं सांगते, दुसऱ्या कुणाला सांगणार नाही. ती कपाटं अर्धवट होती तोवर मला मनाशी म्हणता येत होतं की तो कामावर गेलाय. फळ्या बसल्या की त्याचं काम संपलं.

एकतीसला सकाळी निघाले, कारण वायरमनचा चेहरा डोळ्यांसमोरून हलेना. त्याच्या घरामागची खोली आहे. सगळी घरटी जमिनीवर वर्तमानपत्रांवर मांडून ठेवली होती, पाऊल टाकायला जागा नव्हती. एक रोजाने आणलेला सुतार दाराशी बसून होता. वायरमनच्या बायकोने विचारलं, "आणलंत माप?"

मी म्हटलं, "आणलंय."

ती माझ्या रिकाम्या हातांकडे बघायला लागली, मग पिशवीकडे. मी चपला काढल्या आणि कपाटाकडे तोंड करून उभी राहिले. सुताराला म्हटलं, "माझ्या डोळ्यांच्या रेषेत खूण कर."

तो म्हणाला, "मावशी, जरा ताठ उभ्या राहा ना."

"ही ताठच आहे."

वायरमन हसला नाही. त्याने टोपी काढून हातात घेतली. सुताराने खूण केली, फळी तिच्या वीतभर खाली धरली, घंटांच्या कपाटात होती तशी, आणि वायरमनने त्यावर पहिलं घरटं ठेवलं. नुसत्या तारांचं होतं, त्यात एक काडी नाही. काठही दिसला आणि आतला खळगाही दिसला. तो बायकोला म्हणाला, "बघ. मी खांबावर चढल्यावर मला अस्संच दिसायचं." बाईने तीस वर्षं त्या पिशव्यांना नावं ठेवली होती. ती पुढे आली, बघतच राहिली, आणि म्हणाली, "मग इतकी वर्षं सांगितलं का नाही?"

दुपारपर्यंत सगळ्या फळ्या बसल्या. सुतार बरा होता, पण दोन ठिकाणी खिळा वापरला. मी फक्त त्याच्याकडे बघितलं. त्याने दोन्ही उपटले आणि लाकडाच्या खुंट्या मारल्या. त्या दिवशी मी तेवढ्याच बघितल्या, फळ्या आणि खुंट्या. घरट्यांकडे डोळा वर करून पाहिलं नाही. नवरा-बायकोने जाऊ दिलं नाही, म्हणून मुक्काम त्यांच्याकडेच केला.

दुसऱ्या दिवशी समितीची माणसं यायच्या आधी मी दारात तिकीट काढलं, आत गेले आणि सगळी घरटी पाहिली.

तुझी वहिनी